एस.टी.तले वाचन आणि झाकलेले मुखपृष्ठ

उमरग्याहून सोलापूरला जाणारी एस.टी. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग करीत जाते. या वाटेवर मी अनेक वर्षे वाचीत आलो आहे. “प्रवासात काहीतरी हलकेफुलके वाचावे,” असा सल्ला सुखवस्तू रसिक नेहमी देतात. ज्यांच्या घरी टेबल आहे, निवांत कोपरा आहे, त्यांना तो शोभतो. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांची एस.टी. हीच अभ्यासिका आहे. त्यांनी हे तास नुसती वेळ मारण्यात का घालवावेत?

आणि प्रवास तरी आमच्या वाट्याला निरुपद्रवी कधी आला? १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावांची जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, पण हाकावी लागली मुलांनीच. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे.

तरीही प्रत्येक थोर ग्रंथ गाडीत वाचण्याजोगा नसतो. वाहक तिकीट मागतो, खड्ड्यात ओळ हरवते. बाबासाहेबांचा ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) एकेक युक्तिवाद बांधीत जातो. तो पेन्सिल हाती घेऊन घरीच वाचावा. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मात्र सुट्या आठवणींचे आहे. येणेगूरला मिटलेले पुस्तक जळकोटला पुन्हा उघडता येते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली (१९७२) एक कविता वाचून उरलेली वाट खिडकीबाहेर पाहावे. तेवढी पुरते.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह मी असाच गाडीत काढला होता. शेजारच्या गृहस्थांनी मुखपृष्ठ पाहिले, माझे आडनाव विचारले आणि ते अंग चोरून बसले. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले. शीर्षककथेतला रेल्वे कामगार खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि जात उघडी पडताच मार खातो. ती कथा मी कव्हराआडून वाचत होतो! त्याने निवाऱ्यासाठी लपवले. मी कशासाठी लपवीत होतो? नळदुर्ग येण्याआधी मी ते कव्हर फाडले.

पुस्तक निवडताना पाने, टाइप, वजन सारे पाहावे. पण मुखपृष्ठ झाकण्याची इच्छा झाली, तर पुस्तक बदलू नये, कव्हर काढावे. शेजारच्याने विचारलेच, तर आडनावाआधी पुस्तकाचे नाव सांगावे. चर्चा तिथूनच सुरू होऊ द्यावी.