तक्त्यात न मावणारे संप्रेरक

अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. एका बाजूला ग्रंथी, दुसऱ्या बाजूला संप्रेरक व त्याचे कार्य. वृषणापुढे टेस्टोस्टेरॉन, अंडाशयापुढे इस्ट्रोजेन. तक्ता चुकीचा नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यातून मुले जो अर्थ काढतात त्याला. एक रसायन नराचे, दुसरे मादीचे, आणि रक्तात जे मिसळेल तसा मेंदू घडेल, असा तो अर्थ. पक्ष्यांच्या पिलांपाशी तो टिकत नाही.

कोल्हापुरात उन्हाळ्यातल्या पहाटे दयाळ गातो, तो मुख्यतः नर. झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन पक्ष्यात तर फक्त नरच गातो. नराच्या मेंदूतील गाण्याची केंद्रे मादीच्या केंद्रांपेक्षा बरीच मोठी असतात, हे नॉटेबोम व आर्नल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवले. पुढे १९८० मध्ये गर्नी व कोनिशी यांनी नुकत्याच जन्मलेल्या मादी पिलांना इस्ट्रोजेन दिले. झाले भलतेच! त्यांची केंद्रे नरासारखी वाढली.

याचा उलगडा काय? ॲरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवते, आणि ते मेंदूतही असते. प्रौढ झेब्रा फिंच नरात इस्ट्रोजेन मुख्यतः मेंदूतच तयार होते, असे श्लिंगर व आर्नल्ड यांना १९९१ मध्ये आढळले. म्हणजे रक्तात संप्रेरक किती, एवढे विचारून भागत नाही. मेंदूच्या कोणत्या भागात विकर आहे, कोणत्या पेशींत संप्रेरकाचे ग्राही आहेत, हेही विचारावे लागते.

मात्र या प्रयोगांवरही डोळे झाकून विसंबू नये. बाहेरून दिलेल्या संप्रेरकाने एखादी गोष्ट घडते, म्हणून निसर्गात ती तशीच घडते असे सिद्ध होत नाही. वेड व आर्नल्ड यांनी १९९६ मध्ये मादी पिलांच्या शरीरात वृषणाची ऊती वाढवली. तरीही त्यांच्या मेंदूतील केंद्रे मादीसारखीच राहिली. २००३ मध्ये तर उजवे अंग नराचे व डावे मादीचे असलेला एक झेब्रा फिंच अभ्यासला गेला. दोन्ही बाजूंना रक्त एकच, तरी उजवीकडची केंद्रे अधिक नरासारखी होती. यावरून पेशींतील गुणसूत्रांचाही वाटा दिसतो. पण डावी बाजूसुद्धा सामान्य मादीपेक्षा नराकडे झुकलेली होती. म्हणून संप्रेरकांनाही वगळता येत नाही. शिवाय हा पक्षी एकच होता, हेही विसरू नये.

तक्ता पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्यात आणखी एक रकाना वाढवावा : ‘कोठे तयार होते आणि कोणत्या पेशी प्रतिसाद देतात?’ पक्ष्यांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हेही मुलांना सांगावे. पण ‘मुलांचा मेंदूच वेगळा, मुलींचा वेगळा, संप्रेरकांनी तो ठरवलेला’ असे कोणी वर्गात ठासून सांगू लागले, तर निदान एवढे विचारण्याची सवय मुलांना लागावी : कशावरून?