‘कॅडमस’ वर्गातील स्लूप युद्धनौका : ‘कालबाह्य’ या मूल्यनिर्णयाची चिकित्सा

प्रास्ताविक

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत ब्रिटिश नौदलाने शीड आणि वाफ या दोहोंवर चालणाऱ्या ‘स्लूप’ नावाच्या छोट्या युद्धनौका बांधल्या. या परंपरेतील अखेरचा वर्ग ‘कॅडमस’ हा होय. या वर्गाकडे बहुधा संक्रमणकाळाचा अवशेष, बांधतानाच कालबाह्य झालेली जहाजे, या दृष्टीने पाहिले जाते. हे मूल्यमापन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना आणि आक्षेप

विल्यम व्हाइट यांच्या आराखड्यानुसार शीअरनेस येथील गोदीत या वर्गातील सहा जहाजे बांधली गेली. त्यांपैकी ‘एस्पिएगल’ डिसेंबर १९०० मध्ये, म्हणजे राणीच्या मृत्यूपूर्वी जेमतेम दीड महिना, पाण्यात उतरली. उर्वरित पाच त्यानंतरची आहेत. पोलादी बांधणी, सुमारे १,०७० टन वजन, ४ इंची ६ तोफा आणि ताशी सुमारे १३ सागरी मैल वेग, असे त्यांचे स्वरूप होते. शिडे ठेवण्यामागे केवळ परंपराप्रेम नव्हते. दूरच्या समुद्रात कोळसा महाग व दुर्मिळ असे. वाऱ्यावर केलेला प्रवास तेवढा कोळसा वाचवीत असे.

तथापि या योजनेला धक्का लवकरच बसला. आधीच्या वर्गातील ‘कॉन्डॉर’ हे जहाज डिसेंबर १९०१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ त्यावरील सर्व माणसांसह बुडाले. त्यानंतर नौदलाने अशा जहाजांवरील शिडांचा त्याग केला. १९०४ मध्ये नौदलाची सूत्रे हाती घेणाऱ्या जॉन फिशर यांना तर लढण्यास दुर्बळ आणि पळण्यास मंद अशी छोटी जहाजे नकोशीच होती. युरोपातील बलाढ्य आरमाराशी सामना, ही कसोटी मानल्यास त्यांचा आक्षेप अचूक ठरतो.

कसोटीचा प्रश्न

परंतु ही एकमेव कसोटी नव्हे. नोव्हेंबर १९१४ मध्ये ‘ओडिन’ने फाओ येथील तुर्की तोफखाना निकामी केला आणि पूना डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडला मेसोपोटेमियात उतरण्याची वाट मोकळी झाली. या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. डिसेंबरमध्ये कुर्ना पडले, त्या लढाईतही ‘ओडिन’ व ‘एस्पिएगल’ यांच्या तोफा पायदळाच्या पाठीशी होत्या. प्रचंड युद्धनौका ज्या नदीत शिरूच शकल्या नसत्या, तेथे ‘कालबाह्य’ जहाजे निर्णायक ठरली.

येथे उलट टोकाचा निष्कर्ष काढणेही युक्त नव्हे. जून १९१५ मध्ये ‘एस्पिएगल’, ‘क्लिओ’ व ‘ओडिन’ यांनी तैग्रिस नदीतून माघार घेणाऱ्या तुर्कांचा पाठलाग केला. पण एझ्राच्या कबरीनजीक पाणी उथळ झाले आणि स्लूपना थांबावे लागले. जनरल टाउनशेंड लहान बोटीतून पुढे गेले व अमारा हाती आले. पुढची चढाई या तोफांच्या आधाराविनाच झाली. तिची परिणती २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथील शरणागतीत झाली, हे सर्वश्रुत आहे. वेढ्यात सापडलेल्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. जहाजांची मर्यादा वेग वा शिडे यांत नव्हे, तर नदीच्या खोलीत होती, आणि तिची किंमत पायदळाने मोजली.

समारोप

‘कालबाह्य’ हा वस्तूचा गुणधर्म नसून वस्तू, स्थळ आणि कार्य यांच्या परस्परसंबंधाविषयीचा निर्णय आहे. जहाजांचे वर्गवार इतिहास टनभार आणि तोफा काटेकोरपणे नोंदवितात, ही त्यांची मोलाची कामगिरी होय. मात्र त्या तोफांच्या भरवशावर कोण पुढे गेले, हे त्या कोष्टकांत मावत नाही. ‘क्लिओ’ व ‘ओडिन’ १९२० मध्ये आणि ‘एस्पिएगल’ १९२३ मध्ये मुंबईतच विकल्या गेल्या. या जहाजांचा इतिहास मराठी अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. पलटणींच्या इतिहासाशी तो जोडून वाचला, तरच दोन्ही पूर्ण होतील.