प्रारब्धाचे दोन अर्थ : संस्थानी चाकरी आणि मराठी लेखक

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे भव्य लोखंडी फाटक इंग्लंडमध्ये घडवून आणलेले आहे आणि लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाशी असलेले त्याचे साम्य पाहुण्यांना आवर्जून सांगितले जाते. आमचे लक्ष मात्र त्यावरील होळकरांच्या राजचिन्हाकडे जाते. या राजचिन्हाच्या संस्कृत बोधवाक्यात शंकराच्या मुखाने सांगितले आहे, की श्री लाभते ती कर्त्याला, आणि ती ‘प्रारब्धात्’. मराठी वाचक या शेवटल्या पदापाशी अडखळतो. कर्त्यालाच श्री मिळणार असेल, तर तेथे दैवाचे काय काम? परंतु संस्कृतात प्रारब्ध म्हणजे मूळचे ‘आरंभिलेले’. जे हाती घेतले त्यापासून यश येते, असा त्या वचनाचा सरळ अर्थ आहे. आपण मराठीत या शब्दाचा संचितकर्माशी जोडलेला अर्थ तेवढा उचलला, आणि हाती घेतलेल्या कामाचे नाव भोगाव्या लागणाऱ्या नशिबाला देऊन बसलो.

शब्दार्थाचा हा प्रपंच येथे करण्याचे कारण असे, की मराठी लेखकाच्या पोटापाण्याच्या व्यवसायाविषयी आपली समीक्षा जेव्हा बोलते, तेव्हा ती याच मराठी अर्थाने बोलते. लेखक शिक्षक होता, कारकून होता, संस्थानचा नोकर होता, असे चरित्रात एका वाक्यात सांगावयाचे, त्यावर एक सुस्कारा टाकावयाचा आणि मग वाङ्मयाकडे वळावयाचे, ही आपली रीत. नोकरी म्हणजे व्यत्यय. ती नसती तर लेखकाने आणखी किती लिहिले असते, हे गृहीत. हे गृहीत तपासून पाहण्यास मध्य भारत आणि गुजरात येथील मराठी संस्थानांइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे येथे अनेक सुशिक्षित मराठी माणसांचे आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीने चालणाऱ्या चाकरीत गेले, आणि त्यांतल्या काहींनी त्याच आयुष्यात मराठी वाङ्मयाला टिकाऊ असे काही दिले.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव गायकवाडांच्या पदरी रुजू झाले. महाराजांना वाचून दाखवावयाचे, राजपुत्रांना शिकवावयाचे, प्रवासात बरोबर असावयाचे, हे त्यांचे काम. वेळ त्यांचा स्वतःचा नव्हता. पण इतिहासाच्या पाठांसाठी केलेली टिपणे त्यांनी टाकून दिली नाहीत. त्यांतून ‘मुसलमानी रियासत’ १८९८ मध्ये बाहेर पडली, आणि तेथून मराठी रियासतीची दीर्घ मालिका सुरू झाली. येथे चाकरी ग्रंथाच्या आड आली, असे कसे म्हणावे? ग्रंथ तर तिच्याच पोटातून निघाला. मात्र चाकरीने तो आपोआप दिला, असेही नव्हे. राजवाड्यांत मुलांना शिकविणारे इतरही होते. सरदेसायांच्या हाती दोन गोष्टी होत्या. एक नेमून दिलेली, म्हणजे आपल्या मराठी अर्थाने प्रारब्ध. दुसरी स्वतः आरंभिलेली, म्हणजे संस्कृत अर्थाने प्रारब्ध. पहिलीतून दुसरीला सामग्री मिळावी आणि दुसरीमुळे पहिली सुसह्य व्हावी, असा व्यवहार त्यांनी छत्तीस वर्षे चालविला. कामातील तोल म्हणतात तो आम्हांस यात दिसतो. दिवसाच्या तासांची समान वाटणी करून तो साधत नाही.

१९२५ साली ते निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांचा तरुण, बुद्धिमान मुलगा श्यामकांत निवर्तला. साठी गाठलेल्या आणि एकाएकी रित्या झालेल्या घरात बसलेल्या या माणसाने पुढे पेशवे दप्तरातील कागदांच्या निवडीचे पंचेचाळीस खंड संपादिले. समाधान हा शब्द येथे फार हलका पडतो, हे आम्ही जाणतो. पण आरंभिलेले काम माणसाला कोठवर धरून ठेवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

उलट उदाहरणासाठी इंदुराशेजारच्या देवासला जावे. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. बागा, मोटारी, अतिथिगृह, वीजघर अशी कामे त्याच्याकडे होती. नवा राजवाडा बांधला जात होता आणि पुरा होत नव्हता. हिंदुस्थानावरील कादंबरीची आरंभीची प्रकरणे त्याने लिहून बरोबर आणली होती. पण प्रत्यक्ष देशासमोर ती त्याला कोमेजलेली वाटू लागली आणि लेखन थांबले. ती कादंबरी मायदेशी परतल्यावर पुरी होऊन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि देवासचा वृत्तांत त्याने १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात दिला. त्याला महाराजांविषयी जिव्हाळा होता, काम जड नव्हते, फुरसतही होती. तरीही नेमलेले आणि आरंभिलेले यांची गाठ पडली नाही. फुरसत म्हणजे लेखन, हे समीकरण येथेच मोडते.

याच देवासात त्यापूर्वी भा. रा. तांबे राजघराण्यातील मुलांचे शिक्षक होते. महाविद्यालयीन शिक्षण परिस्थितीमुळे राहून गेलेले. पुढे मध्य भारतातील संस्थानांत निरनिराळ्या हुद्द्यांवर आयुष्य गेले. त्यांचा पहिला संग्रह १९२० साली, पंचेचाळिशी उलटल्यावर निघाला, आणि तोही वा. गो. मायदेव यांनी सिद्ध केला. समग्र कविता माधव जूलियनांनी १९३५ मध्ये संपादिली. ज्याला ग्रंथाची एवढी घाई नव्हती त्याची कविता गळ्यावर, चालीवर, एका बैठकीच्या आटोपशीर घडणीवर का उभी आहे, याचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. तांब्यांच्या गीताला शेवट असतो. ते गुणगुणता येते, मनात फिरवता येते, आणि कचेरीतून घरी येईतो पुरेही होऊ शकते. संस्थानी कचेरीत मात्र कोणतेच काम पुरे होत नसते. दरबारची मर्जी फिरली की कालचा निर्णय आज रद्द. अशा माणसाने पुरी होणारी वस्तू घडवावी, यात आम्हांस मर्यादा दिसत नाही. लहान आकाराची कविता म्हणून तिला दुय्यम मानणाऱ्यांनी या बाजूचा विचार केलेला नाही.

इंदूरच्याच वि. सी. सरवट्यांचे उदाहरण घाईने सांगून पुढे जातो, कारण ते निराळ्या जातीचे आहे. राजकारण, लोकसेवा, संविधानसभेचे सदस्यत्व हे सर्व करून त्यांनी ‘मराठी साहित्य समालोचन’ लिहिले. १९६६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या नावाच्या बसस्थानकावरून रोज गावोगाव जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ते समीक्षक असल्याचे माहीत असेल!

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. केशवसुतांचे काय? खानदेशापासून धारवाडपर्यंत मास्तरकीत फिरत, आर्थिक ओढगस्त सोसत, १९०५ साली प्लेगने हुबळीस गेलेल्या या कवीच्या वाट्याला कसला तोल आला? आणि तरीही नव्या मराठी कवितेचा ओघ त्यांच्यापासून निघाला. तेव्हा समाधान हे वाङ्मयाचे मूल्य नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. समाधानी माणूस अधिक चांगले लिहितो, असे आमचे म्हणणे नाही. ते जगण्याचे मूल्य आहे. समीक्षेने चरित्राकडे वळावयाचे ठरविलेच, तर निदान ते नीट वाचावे, एवढाच आमचा आग्रह.

चरित्र नीट वाचू लागले, की आणखी एक गोष्ट दृष्टीस पडते. लालबागचे बांधकाम १८८६ मध्ये सुरू होऊन १९२१ मध्ये संपले. पस्तीस वर्षे! विशीत तेथे दगड घडवू लागलेला पाथरवट काम संपताना पंचावन्नाचा झाला असता; त्याची सगळी उमेद त्या एका इमारतीत गेली असती. बोधवाक्यातील कर्ता कोण, असे त्याने विचारले असते तर उत्तर सोपे नव्हते. असाच प्रश्न लेखकाच्या घरातही उभा राहतो, कारण त्याचा तोल पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या श्रमावर उभा असतो. रेव्हरंड टिळक स्वभावाने नोकरीत टिकणारे नव्हते. धर्मांतरापूर्वी राजनांदगाव संस्थानातही त्यांनी काही काळ चाकरी केली. त्या अस्थिर संसाराचा भार लक्ष्मीबाईंनी कसा वाहिला, ते ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि तेही तक्रारीच्या सुरात नव्हे, हसत हसत. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ थोडीच प्रकरणे होऊन अपुरे राहिले होते. ते पुढे लिहावयास बसल्या त्या लक्ष्मीबाई. त्या काव्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे.