खारपाणपट्ट्यातील शाश्वत शेती : निकष व उपाययोजनांची चिकित्सा

प्रस्तावना

अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला सुमारे 4.7 लाख हेक्टरांचा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथील भूजल खारे असल्याने ते पिण्यास व सिंचनास बहुतांशी निरुपयोगी ठरते. परिणामी कापूस, तूर, मूग, हरभरा ही पिके मुख्यत्वे पावसावर व जमिनीतील ओलाव्यावर घेतली जातात. या प्रदेशाच्या समस्येचे आकलन शासकीय योजनांत कितपत योग्य रीतीने झाले आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

निकषाचा प्रश्न

‘खारपाण’ हे नाव लोकांनी पाण्यावरून दिले. जमिनीचा खरा विकार मात्र क्षारांपेक्षा सोडियमचा आहे. उष्ण व कोरड्या हवामानात मातीमध्ये चुनखडी तयार होत राहते. त्यामुळे विद्राव्य कॅल्शियम घटते व चिकणमातीवर सोडियमचे प्रमाण वाढते. मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. पावसाळ्यात शेतात पाणी साचते, तर रब्बीत ओलावा अपुरा पडतो.

अमेरिकेतील क्षार प्रयोगशाळेने 1954 मध्ये विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण मानावी, असा निकष मांडला. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोशी संबंधित संशोधकांनी 1990 च्या दशकात पूर्णा खोऱ्याचा अभ्यास केला. येथील काळ्या जमिनीत हे प्रमाण 5 टक्के असतानाच निचरा बिघडतो, असे त्यातून दिसून आले. याचा अर्थ असा की, परक्या निकषानुसार निरोगी ठरणारे शेत प्रत्यक्षात आजारी असू शकते. निकष चुकला की लाभार्थीही चुकतो.

उपायांची चिकित्सा

सांगली-कोल्हापूर भागातील क्षारपड जमीन प्रामुख्याने ऊसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यातून निर्माण झाली. पूर्णा खोऱ्यातील बिघाड मुख्यतः नैसर्गिक आहे. म्हणून दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पूर्णा खोऱ्यातील गावांचा स्वतंत्र विचार केला, ही बाब निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि शेततळे, तुषार संच यांसारख्या मोजता येणाऱ्या वस्तूंना अनुदान देणे सोपे असते. मातीची रचना सुधारणे हे मात्र संथ व न दिसणारे काम आहे.

जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला दूर सारतो. परंतु दूर झालेला सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या थराखाली गेला नाही, तर खर्च व्यर्थ जातो. म्हणून जिप्सम, धैंचा-बोरूचे हिरवळीचे खत, रुंद सरी-वरंबा व चर यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. शिवाय चुनखडी बनण्याची प्रक्रिया थांबत नसल्याने ही सुधारणा पुनःपुन्हा करावी लागते. एका वर्षाच्या मक्त्याने शेत कसणारा कुटुंबप्रमुख दुसऱ्याच्या जमिनीत जिप्सम टाकणार नाही. येथे प्रश्न मृदाशास्त्राचा न राहता जमिनीवरील हक्काचा होतो, आणि नेमकी हीच बाजू योजनांच्या मांडणीत दुर्लक्षित राहते.

निष्कर्ष

ज्या ब्यूरोच्या परिसरात हा स्थानिक निकष घडला, त्याच नागपूर शहरातील नंदनवनात बसून हे लिहीत असताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्ञानाची उणीव नाही. ते शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात 5 टक्क्यांची मर्यादा नोंदविणे, निचऱ्याची कामे गावपातळीवर सामूहिकरीत्या करणे आणि कसणाऱ्यास, मग तो मालक असो वा मक्तेदार, साहाय्य देणे, या तीन गोष्टींखेरीज खारपाणपट्ट्यातील शाश्वत शेती ही केवळ घोषणाच राहील.