भरवशाची म्हैस

नव्या पुस्तकांवर टीका लिहिणारे पुष्कळ आहेत, नव्या नाटकांवर त्याहून पुष्कळ, आणि नव्या मोटारींवर तर विचारूच नका. जुन्या मोटारीवर मात्र कोणी लेखी टीका करत नाही. ती घेऊन घरी आल्यावर बायको तोंडी करते, तेवढीच. मराठी समीक्षेतली ही उणीव भरून काढावी म्हणून आज लेखणी उचलली आहे. माझा अधिकार विचाराल तर मी बी.कॉम. सेकंड क्लास, बँकेत कारकून, वय सत्तेचाळीस, आणि सेकंडहँड मोटारी बघत पाच महिने कोल्हापूरभर हिंडलेला माणूस.

परीक्षणाचा विषय एका ओळीचा आहे : 'दोन लाखांच्या आत, मजेची पण भरवशाची दुसरी गाडी.' ही ओळ कोणत्याही एजंटला म्हणून दाखवा. "अश्शीच एक परवा आलीय साहेब," असं तो म्हणतो. त्याच्या बोलण्यात 'पण' कुठं येतच नाही, आणि सगळी ग्यानबाची मेख तर त्या 'पण'मध्ये आहे. आपल्या पूर्वजांनी भरवसा आणि म्हैस यांची गाठ कधीच घालून दिली, आणि त्या म्हशीला शेवटी टोणगा झाला हेही सांगून ठेवलं. मजेबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही. बहुधा बजेटात बसली नसावी.

आमची पहिली गाडी वॅगनआर. तिच्याविरुद्ध तक्रार करायला जागा नाही, हेच माझं दुखणं. किल्ली फिरवली की सुरू होते, सांगितलं तिथं जाते, उगाच आवाज करत नाही. आमचे शाखाधिकारी माझ्याबद्दल अगदी हेच म्हणतात, आणि त्यावर मला आजवर कोणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. ही गाडी सौ. चालवते, कारण तिची शाळा बावीस किलोमीटरवर आहे आणि माझी बँक चालत दहा मिनिटांवर.

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. सौ. आणि मुलगी गाडी घेऊन सांगलीला गेलेल्या, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि पहाटे साडेतीनला आईला दम लागला. रिक्षा मिळेना. फोन केले ते कोणी उचलेना. मी छत्री घेऊन रस्त्यावर उभा राहिलो, तेव्हा आला तो दुधाचा टेम्पो. त्या भल्या माणसानं कॅन हलवले, आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्यात पोचवलं. मी मागं दोन कॅनच्या मध्ये. शुद्धीवर असलेल्या माणसाला इतकं असहाय वाटू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आई चार दिवसांनी घरी आली आणि पाचव्या दिवशी सौ.नं ठराव मांडला : दुसरी गाडी घ्यायची. कारण, आई. अट, भरवसा. रक्कम, दोन लाख. १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या बाराव्या द्विपक्षीय कराराचा पगारफरक मला मिळाला होता, त्यात मुदत संपलेली एक आरडी घातली की हा आकडा होत होता. मी ठरावाला अनुमोदन दिलं आणि मनातल्या मनात त्यात 'मजेची' हा शब्द घुसडला. कर्ज म्हशीसाठी काढायचं आणि पैसा लग्नात घालायचा, याला बँकेत निधी वळवणं म्हणतात. अशा लोकांकडं मी इतकी वर्षं काउंटरच्या आतून बघत आलो. आता बाहेरून बघू लागलो.

तर आता परीक्षण.

पहिला मान पद्मिनीचा. मूळची फिएट ११००, गिअर स्टिअरिंगला, आणि चेहरा घरातल्या थोरल्या आत्याचा. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली तेव्हा न रडणारा माणूस विरळा. पण रडणारे सगळे घरी गेले ते दुसऱ्याच गाडीत बसून. पद्मिनी चालवण्यात मजा अपार. भरवसा मात्र गाडीवर नसून मिस्त्रीवर ठेवायचा असतो, आणि पहाटे साडेतीनला मिस्त्री झोपलेला असतो.

दुसरी जिप्सी. १९८५ ची निर्मिती. डोंगर चढते, ओढा उतरते, लष्करानं आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षं वापरली. मात्र पुढं-मागं चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा असल्यानं रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ती आपल्या मणक्यांपर्यंत जसाच्या तसा पोचवते. मध्ये काही कापून घेत नाही. दम्याच्या पेशंटला तिच्यात घालणं म्हणजे दवाखान्याचं बिल वाढवणं. शिवाय नीट राखलेल्या जिप्सीची किंमत ऐकून मीच दम घेत बसलो.

तिसरी फिएट पॅलिओ, त्यातही १.६ लिटरची. २००१ साली आली, जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर, इंजिन शंभर अश्वशक्तीचं. दार लावलं की तिजोरी बंद केल्याचा आवाज येतो, हा मुद्दा बँकवाल्याला भुलवायला पुरेसा. पण पेट्रोल अशी पिते की दर आठवड्याला पंपावर हजेरी लावावी, आणि भारतात त्या नावाच्या नव्या गाड्यांची विक्री २०१९ पर्यंत आटोपली. सुटा भाग हवा असेल तर शोधत फिरावं लागतं. काही लोकांना तो शोधही मजेचा वाटतो. त्यांच्या घरी आजारी माणूस नसावं.

चौथी नॅनो. २००८ मध्ये दिसली, २००९ मध्ये आली. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन मागं, वळायला इतकी चपळ की महाद्वार रोडवर रिक्षावाल्यानं रस्ता द्यावा. पहिल्या आवृत्तीत डिकी बाहेरून उघडत नसे. ती दुरुस्ती २०१५ च्या आवृत्तीत झाली, पण तोवर 'सगळ्यांत स्वस्त' ही पाटी तिच्या गळ्यात पडून घट्ट झाली होती. आपल्याकडं स्वस्त वस्तू सगळ्यांना हवी असते, ती स्वस्त आहे हे मात्र शेजाऱ्याला कळता कामा नये. या गाडीवर टीका फार झाली, तिला चालवून मात्र थोड्यांनीच पाहिलं. मी पाहिलं. गावात झकास. पण घाटात मागून ट्रक आला की आपण पेन्शनर झाल्यासारखं वाटतं.

पाचवी झेन. १९९३ ची, ९९३ सीसी, हलकी, बुटकी, रस्त्याला चिकटून जाणारी. हिच्यावर मी खरोखर भाळलो. अडचण अशी की २००६ मध्ये ती बंद झाली. चांगली झेन ज्याच्याकडं आहे तो विकत नाही आणि जो विकतो त्याच्याकडं चांगली नाही. त्यात पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची. त्याचं शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झालं, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ मध्ये दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. तरी म्हणायचं तर गाडीला पाच वर्षांनी एकदा हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. आमच्या पेन्शनरांना दर नोव्हेंबरला करावं लागतं.

एवढं वाचन झाल्यावर मी बाजारात उतरलो. एका व्यापाऱ्याकडं एक गाडी बघितली. मॉडेलचं नाव सांगत नाही. आतबाहेर लख्ख, अत्तराचा वास, व्यापारी गोड. मेव्हणा म्हणाला, "दाजी, सोडू नका." बरोबर आमचे मिस्त्री होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी मागच्या सीटचा पट्टा हातात धरला आणि विहिरीतून दोर ओढावा तसा ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा गावात शिरली होती, ती या गाडीतून अजून पुरती बाहेर पडली नव्हती. मिस्त्री एवढंच म्हणाले, "चला साहेब, अत्तराचा वास लई झाला."

त्या दिवसापासून मी मॉडेलं वाचायचं सोडून गाड्या वाचायला लागलो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. 'टायर नवीन आहेत' हे वाक्य त्या चार आकड्यांपुढं टिकत नाही. आपण जाण्याआधीच इंजिन तापवून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवून परत फिरावं, थंड इंजिनाला काय होतं ते मालकाला लपवायचं असतं. तेलाच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरं दिसलं तर तेलात पाणी गेलंय का ते आधी बघून घ्यावं. साय दुधावर बरी.

दिवाळी आली. पाडव्याला आमच्या कोल्हापुरात गवळी बांधव म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, पुढं मालकाची मोटारसायकल फडाफडा आवाज करत सुटलेली, आणि तिच्यामागं ती म्हैस चौखूर. आईला दाखवायला नेलं होतं. मी म्हणालो, "आई, या खास शर्यतीच्या म्हशी असणार."

"खास कसल्या?" आई म्हणाली. "सकाळी दूध देऊन आल्यात. वर्षभर खायला घातलंय, चोळलंय, आवाज ओळखते मालकाचा, म्हणून पळते. एक दूध द्यायला आणि एक पळायला, अशा दोन म्हशी कोण पाळणार?"

मी गप्प बसलो. माझं अख्खं परीक्षण त्या 'पण'वर उभं होतं, आणि आईनं तो शब्दच खोडून टाकला.

पुढच्याच आठवड्यात एका निवृत्त मास्तरांची गाडी बघायला गेलो. २०१४ ची अल्टो के-१०. रंग पांढरा, एका दारावर ओरखडा, अत्तर नाही. मास्तरांना आता रात्रीचं नीट दिसत नव्हतं म्हणून विकायची होती. किल्लीच्या आधी त्यांनी माझ्या हातात एक वही ठेवली. दहा वर्षांतलं प्रत्येक लिटर पेट्रोल, प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक पंक्चर. तारीख, किलोमीटर, रुपये. ऑइल बदल तांबड्या शाईत. मी तिथंच बसून शेवटची तीन वर्षं तपासली. मीटर जुळला. बेरजेत एका ठिकाणी शंभर रुपयांची चूक सापडली, ती दाखवल्यावर मास्तर लाजले, आणि सौदा तिथंच ठरला. एक लाख पंच्याऐंशी हजार. प्रेम वहीवर बसलं होतं, गाडी तिच्याबरोबर आली.

आरसी बुकात एका बँकेचा बोजा अजून दिसत होता. कर्ज २०१९ मध्येच फिटलेलं, पण फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन नाव उतरवायचं राहून गेलेलं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे पान आधी वाचावं. तो फॉर्म, मग मालकी बदलाचे २९ आणि ३०, मग विमा आपल्या नावावर. मास्तरांचा नो क्लेम बोनस मला मिळाला नाही. तो माणसाचा असतो, मोटारीचा नाही. कायद्यात मला आवडलेली ही एकमेव गोष्ट.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि हसले. "साहेब, पाच महिने हिंडलात. इंजन तुमच्या वॅगनआरचंच हाय की हे!"

खरंच होतं. तेच ९९८ सीसी, तेच तीन सिलिंडर. फरक एवढाच, की ही गाडी शंभरेक किलो हलकी आणि वीतभर बुटकी. त्यातला अर्थ मला पुढच्या रविवारी पहाटे कळला. केर्ली मागं टाकून वाघबीळचा घाट चढायला लागलो, दुसऱ्या गिअरमध्ये एक वळण घेतलं, आणि गाडी शाळा सुटलेल्या पोरासारखी निघाली. वेग ताशी पन्नाससुद्धा नव्हता. मजेसाठी शंभर अश्वशक्ती लागते हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ओझं कमी असलं की पुरते, हे कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी सगळ्यांना घेऊन गेलो. मी चौऱ्याऐंशी किलो, शिवाय सौ., आई, मुलगी आणि डबे. गाडीची पुन्हा वॅगनआर झाली.

ही वळवलेली रक्कम मी घरी कधी कबूल केली नसती. पण जानेवारीत पुन्हा तशीच रात्र आली. सौ. माहेरी, वॅगनआर तिच्याबरोबर, पावणेतीनला आईचा श्वास वाजायला लागला. किल्ली फिरवताना माझा हात थरथरत होता. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. रिकाम्या रस्त्यातून मी ती कशी नेली ते मला आठवत नाही. अकरा मिनिटांत आईच्या तोंडावर वाफेचा मास्क होता.

उजाडताना तिला घेऊन परत निघालो. थकलेली होती, डोळे मिटलेले. रंकाळ्याजवळ आल्यावर म्हणाली, "आता हळू घे."

"हळूच चालवतोय, आई."

"जाताना पळवलीस हो," ती डोळे न उघडता म्हणाली. "मजा आली."

घरी आल्यावर मी मास्तरांच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल लिहिलं. 'कारण' असा रकाना त्यांनी आखलेला नव्हता. मीही आखला नाही.