माहेर शोनब्रुन, सासर व्हर्साय

राजवाडा म्हणजे काय हे व्हर्सायला कळतं, आणि राजवाड्यात माणूस कसा राहायचा हे व्हिएन्नाच्या शोनब्रुनमध्ये. एकाच सहलीत दोन्ही पाहिले, तेव्हा दोघांचा ताळेबंद मांडण्याची आमची बँकेतली खोड उफाळून येणारच!

व्हर्सायचं मला फारसं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौदावा लुई १६८२ मध्ये अख्खा दरबार घेऊन इथे राहायला आला. आरसेमहाल ७३ मीटर लांब, आरसे ३५७. (मोजले नाहीत हो, पुस्तिकेत आहे.) जिकडेतिकडे आपणच दिसतो, आणि पोट आत घ्यायचं तरी किती वेळ? लुईचं सकाळी उठणंसुद्धा समारंभाने व्हायचं. त्याला सदरा देण्यासाठीही मानकरी! सगळं डोळे दिपवणारं खरं, पण हुश्श करून टेकावं असं काही वाटत नाही.

शोनब्रुनमध्ये खोल्या १४४१. वरच्या मजल्यांवर आज चक्क भाडेकरू राहतात! पण मी खिळलो तो फ्रान्झ जोसेफच्या खोलीत. एवढा सम्राट, आणि झोपायला साधी लोखंडी कॉट. पहाटे चारच्या सुमारास उठून गडी टेबलाशी कागद हातावेगळे करत बसे. एकदम आपल्या खात्यातला माणूस वाटला. १९१६ मध्ये वारला तोही याच वाड्यात.

मात्र एक नोंद खटकते. २८ जुलै १९१४ला सर्बियाविरुद्धच्या युद्धघोषणेवर सही याचीच. टेबल बाड इश्लच्या बंगल्यातलं, पण सही करणारा तोच कामसू हात. लुईच्या उधळपट्टीवर बोट ठेवणं सोपं. कागद तुंबू न देणाऱ्या या माणसाचं काय करायचं? त्या युद्धानंतर जर्मनीशी तह झाला १९१९ मध्ये, व्हर्सायच्या आरसेमहालातच.

आमच्या हिला मात्र हा हिशेब पटेना. तिचं सगळं लक्ष मारी आंत्वानेतकडे. मारिया थेरेसाचं पंधरावं अपत्य असलेली ही लेक उन्हाळ्यात शोनब्रुनच्या बागेत बागडली आणि १७७० मध्ये, चौदाव्या वर्षी, व्हर्सायला नांदायला गेली. १७८९ मध्ये जमावाने तिथून बाहेर काढलं, १७९३ मध्ये गिलोटिन.

"यातला कुठला वाडा चांगला, हे पोरीला कुणी विचारलं होतं का?" ही म्हणाली.

मी शोनब्रुनला दोन गुण जास्त देऊन वही मिटली.