तर्ज कुणाची?

आमच्या महिला मंडळाच्या भजनाच्या वहीत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'तर्ज' असं लिहून पुढे एखाद्या सिनेमाच्या गाण्याचं नाव असतं. खाली पार्श्वनाथांची स्तुती. सुलतान बाजारात लग्न होऊन आल्यापासून मी ही वही हाताळतेय, पण त्या ओळीत संगीतकाराचं नाव कधीच नसतं हे ध्यानात आलं यंदा. दशलक्षण पर्वाआधी पदं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं ठरलं, आणि रेकॉर्डिंगवाल्या पोरानं विचारलं, "काकू, मूळ गाण्याचं म्युझिकच उचलून खाली लावू? सॅम्पल घेतात तसं."

सॅम्पल म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा कापून आपल्या गाण्याला जोडायचा. मग त्यानंच दोन इंग्रजी गाणी ऐकवली.

पहिलं 'अ‍ॅडिक्टिव्ह', २००२ सालचं, ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं. त्यात लताबाई! 'ज्योती' (१९८१) मधलं बप्पी लाहिरींचं 'थोडा रेशम लगता है' तसंच्या तसं वाजतं, वरून ही बाई गाते. खरं सांगते, गाणं झकास आहे. डीजे क्विकनं लताबाईंच्या आवाजाला मोकळी जागा दिलीय, त्याचा भुगा केला नाही. पण विचारलं कुणालाच नव्हतं, नावही छापलं नव्हतं. प्रकरण लॉस एंजलिसच्या कोर्टात गेलं, आणि २००३ मध्ये हुकूम निघाला की बप्पीदांचं नाव घातल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. मला ह्यातली नावाची अट फार आवडली.

दुसरं ब्लॅक आइड पीजचं 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' (२००५). 'अपराध' आणि 'डॉन' ह्या सिनेमांतल्या आशाबाईंच्या दोन गाण्यांवर उभं केलेलं. गीत-संगीताच्या श्रेयात कल्याणजी-आनंदजी आणि इंदीवर ह्यांची नावं आहेत. व्यवहार चोख. गाणं मात्र मला गोंगाटाचं वाटलं. ग्रॅमी मिळालं तरी वाटलं. म्हणजे न विचारता घेतलेलं गोड आणि रीतसर घेतलेलं बेचव! हे मला दोन दिवस टोचत राहिलं.

कल्याणजी-आनंदजी आपल्यातलेच, कच्छी जैन. वडील वीरजीभाई मुंबईत किराणा दुकान चालवायचे. एका गिऱ्हाइकानं उधारी फेडायला पैशाऐवजी पोरांना संगीत शिकवलं, अशी गोष्ट सांगतात. सूरसुद्धा खातेवहीत जमा करून घेणारं घर! आणि आपण त्यांच्या चाली घेऊन साधं नावही लिहीत नाही.

मंदिरात, पूजेत गायलं तर १९५७ चा कॉपीराइट कायदा आड येत नाही. धार्मिक विधीला त्यात सूट आहे. रेकॉर्ड करून बाहेर ठेवलं की गोष्ट वेगळी. मग दोन दारं वाजवायची : चाल आणि शब्द ज्यांचे त्यांचं एक, आणि ती रेकॉर्ड ज्या कंपनीची तिचं दुसरं. आपल्याच पेटी-तबल्यावर वाजवलं तर दुसरं दार सुटतं, पहिलं नाही. रेकॉर्डचा हक्क साठ वर्षं चालतो, चालीचा तर रचणारा गेल्यावर साठ.

मंडळाच्या बैठकीत मी हे बोलले. "देवाच्या नावाला कोण कोर्टात नेतंय?" एक ताई म्हणाल्या. नेणार नाही, खरंय. पण आपण मुलांना पाठशाळेत अचौर्य शिकवतो, आणि अदत्तादान म्हणजे न दिलेलं घेणं, हे पाठ करून घेतो. त्यात देवासाठी घेतलं तर चालतं असं कुठं शिकवत नाही. शिवाय माझी टीका निव्वळ कायद्याची नाही. 'ज्योती'ची चाल लागली की डोळ्यांपुढे सिनेमा येतो, पार्श्वनाथ येत नाहीत. चाल आपलं जुनं घर बरोबर घेऊन येते.

बैठक जरा तुटकच संपली. दोघी माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मंदिरात गायची पदं आहेत तशीच राहिली. त्यांच्यासाठी मी पेन्सिल घेऊन वहीत तर्जेपुढे संगीतकारांची नावं लिहायला बसले. निम्मी मला ठाऊकच नव्हती, पोराला विचारून लिहिली. रेकॉर्डिंगसाठी मात्र पेटी वाजवणाऱ्या काकूंनी आपल्या आईकडून ऐकलेली एका पदाची जुनी चाल काढलीय. तिच्यावर तर्ज लिहायची जागा रिकामी आहे. दुसरा अंतरा त्यांना अजून नीट आठवत नाही.